शतकामागे किंचित

"माफ करा बाई, रांग इथूनच ना?" असं मागून कुणीतरी विचारलं, आणि चिझुरूनं वळून न बघताच "हो, इथूनच" म्हटलं. मग तो आवाज कुणाचा हे तिला कळलं. डोक्याला नंतर कळलं, पाठीला आधी. ती वळली. मागे शूगो उभा होता. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तिचा नवरा असलेला शूगो. त्यानं तिच्याकडे सरळ, स्वच्छ नजरेनं पाहिलं, अनोळखी बाईकडे बघून हसतात तसं जरासं हसला, मान लववली आणि तिच्या खांद्यावरून पुढे दुकानाच्या पाटीकडे बघायला लागला. किचिजोजी स्टेशनजवळच्या छताखालच्या बाजारात खाटकाच्या दुकानासमोर रविवारी दुपारी खिम्याच्या वड्यांसाठी लागते ती रांग. तळणाचा वास, पलीकडच्या दुकानात भाजत असलेल्या चहाचा वास, एका सायकलची घंटी. चिझुरू पुन्हा पुढे वळली. पुढच्या बाईच्या कोटावरचा एक पांढरा धागा तिला फारच स्पष्ट दिसत होता.

आधी आला तो राग. हा मुद्दाम करतोय. इतक्या वर्षांनी गाठ पडली तर असा सूड. पण शूगोला सूड कधी जमलाच नव्हता. त्याला साधं रागावणंही जमत नसे, तो नुसता गप्प व्हायचा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन आपली कामाची हत्यारं पुसत बसायचा. मग तिला वाटलं, आपणच ओळखू येत नसू. निवृत्त झाल्यावर तिनं केस रंगवणं सोडलं होतं. चष्मा जाड झाला होता, अंग भरलं होतं, चालताना उजवा गुडघा जरा बाहेर पडायचा. अकरा वर्षांत माणूस इतकं बदलतं का? आणि बदललं तरी, सव्वीस वर्षं ज्याच्यासमोर रोज सकाळी भाताचा वाडगा ठेवला, त्याला हाताच्या ठेवणीवरून तरी कळू नये? हा प्रश्न तिला आपल्या धंद्यातला वाटला आणि त्याची तिला लाज वाटली. आयुष्यभर तिनं हेच केलं होतं: काय किती बदलतं, ते मोजलं होतं. मुसाशीनोच्या बाजूला झाडांत दडलेल्या वेधशाळेच्या जुन्या इमारतीत बसून ती ग्रहांच्या कक्षांचा हिशेब करायची. एका ग्रहाची वाट सहा आकड्यांत मावते. कक्षा केवढी, किती लांबट, किती कललेली, कोणत्या दिशेला कललेली, सूर्याच्या सगळ्यांत जवळचा तिचा बिंदू कुठे, आणि ग्रह या घडीला कुठे. शाळेतल्या मुलांना वाटतं की हे आकडे ठरलेले असतात. ते ठरलेले नसतात. बाकीचे ग्रह लांबून ओढत असतात, आणि आकडे शतकामागे किंचित सरकत जातात, दशांश चिन्हानंतर चार शून्यं मोजल्यावर कुठे एखादा आकडा हलतो. पृथ्वीची वाट सध्या शतकागणिक जराशी अधिक गोल होते आहे. कुणाला कळत नाही. फुलं त्याच सुमाराला फुलतात. गंमत अशी की कक्षेची लांबी जवळजवळ बदलत नाही. सरासरी अंतर तेवढंच राहतं. आकार बदलतो, कल बदलतो, तोंड दुसरीकडे वळतं. तरुणपणी हे तिला फार सुंदर वाटायचं. नंतर एका वर्षी तिला जाणवलं की आपण आणि शूगो जेवायला अजून त्याच दोन बसायच्या उशांवर, त्याच बुटक्या टेबलाशी, तेवढ्याच अंतरावर बसतो. त्या दिवसापासून तिला ते सुंदर वाटेनासं झालं.

"सर्दी झालीय का तुम्हाला?" मागून शूगोनं विचारलं.

ती दचकली. "मला? नाही."

"तसं नव्हे, तुमचा आवाज जरा उतरल्यासारखा वाटला. राग मानू नका, सवय आहे. मी पियानो सुरात लावतो. म्हणजे लावायचो." तो ओशाळं हसला. "माझ्या बायकोचा आवाज अगदी असाच आहे. फक्त एका पट्टीनं वर."

 चिझुरूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कोटाची बटणं एका घरानं चुकली होती. गळ्याशी एक काज रिकामं राहिलं होतं आणि खाली एक बटण उगीच लटकत होतं. दाढी छान केलेली होती, पण कुणीतरी दुसऱ्यानं केल्यासारखी, फारच गुळगुळीत. बायको म्हणजे, त्यानं पुन्हा लग्न केलं असावं. चांगलंच आहे. चांगलंच आहे, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

"तिला हे वडे फार आवडतात," तो म्हणाला. "पण रांगेत उभं राहायला वेळ कुठाय बाईसाहेबांना! कामावर असते. ग्रहांचं काम."

"ग्रहांचं?"

"हसू नका. मीही लग्न ठरलं तेव्हा हसलो होतो. आमची आई म्हणाली, अरे, ज्योतिषीण करून आणतोयस का? मंगळ तीन हजार साली कुठे असेल ते विचारा, बसल्या जागी सांगेल. पण नवरा काल संध्याकाळी कुठे होता, ते विचारा!" पुढची बाई वळून हसली. शूगोलाही बरं वाटलं. त्याचं हे बोलणं चिझुरूला ओळखीचं होतं आणि नव्हतंही. घरी तो असा कधी बोलला नव्हता. लोकांच्या घरी पियानो लावायला जायचा तेव्हा असाच बोलत असणार, चहाचा कप हातात घेऊन, त्या घरच्या बायकांशी. त्या बायकांना हा माणूस माहीत होता.

रांग पुढे सरकली. चिझुरू एक पाऊल पुढे गेली, मागोमाग तोही. आपण आता सांगावं, हे तिला कळत होतं. सांगायला काय लागतं? मी चिझुरू. पण तोंडात ते शब्द एखाद्या दुसऱ्याच बाईच्या नावासारखे वाटले, आणि तेवढ्यात तो पुन्हा पुढे झुकला आणि त्याच अदबीनं, त्याच सुरात म्हणाला,

"माफ करा बाई, रांग इथूनच ना?"

"हो," ती म्हणाली. "इथूनच."

मग तिला सगळं कळलं. तो नाटक करत नव्हता आणि त्यानं दुसरं लग्नही केलेलं नव्हतं. हिशेबात असं होतं कधी कधी. एक चिन्ह चुकीचं वाचलेलं असतं, ते सुधारलं की सगळी पानं आपोआप जुळतात आणि जुळलेली बघवत नाहीत. त्याच्यासाठी ती अजून कामावर होती. संध्याकाळी घरी येणार होती. अकरा वर्षांपूर्वी, एका गुरुवारी तिनं "आपण वेगळं राहू या" म्हटलं होतं आणि तो "बरं" म्हणाला होता, आणि जरा वेळानं, "भाताचा कुकर तू ने, मला एकट्याला काय करायचाय." भांडण असं झालंच नव्हतं. तिच्या आईनं फोनवर विचारलं होतं, "पण झालं काय? मारतो? पितो? बाई आहे?" आणि चिझुरूला एकाही प्रश्नाला हो म्हणता आलं नव्हतं. काय झालं ते तिला माहीत होतं, पण ते फार जुनं होतं, आणि तेवढ्या जुन्या गोष्टीवरून कुणी घर मोडत नाही. लग्नानंतर तिसऱ्या हिवाळ्यात त्यांना मुलगी झाली होती आणि चौथ्या दिवशी ती गेली. शूगोनं तिचं नाव ठेवलं होतं, मिनो. दवाखान्यातून आल्यावर तो ते नाव एकदाही बोलला नाही. आणि पुढच्याच आठवड्यात चिझुरू कामावर गेली. त्या काळी गणकयंत्र सगळ्या विभागांत मिळून एकच होतं. त्यावर आपल्या गटाची पाळी महिनोन्‌महिने आधीच ठरलेली असायची, नऊ ग्रह हजारो वर्षं पुढे चालवत न्यायचे होते. शेजारणी म्हणाल्या, दगडाची आहे. ती दगडाची नव्हती. घरात पाळण्यासाठी म्हणून मोकळी केलेली एक जागा होती, चटईवर चौकोनी, आणि त्या जागेभोवतीनं शूगो रोज वळसा घालून जायचा. ती वाट पाहत होती की तो एकदा म्हणेल, जाऊ नकोस. किंवा म्हणेल, जा. तो काही म्हणाला नाही. कामावरही तो कधी आला नाही, एकदाही, इतक्या वर्षांत. आला असता तर, असं तिला वाटायचं. पुढे वाटणंही बंद झालं. गणितात त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटायची: आज पृथ्वी धरलेल्या जागेपेक्षा पंधरा मीटर इकडे की तिकडे, एवढीशी चूक असली तरी दहा कोटी वर्षांनी ती आपल्या वाटेवर कुठे असेल हे सांगताच येत नाही. पंधरा मीटर म्हणजे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तरुण मुलं यावर खूश व्हायची. चिझुरूला वाटायचं, त्यात काय नवल? एक माणूस दारापर्यंत आला की नाही, एवढंच अंतर ते.

"तुम्ही काय करता?" शूगोनं विचारलं.

"आता काही नाही. आधी हिशेबाचं काम करायचे."

"मग तुम्हाला कळेल. मला बायकोनं एकदाच नीट समजावलं होतं, लग्नानंतर इझूला गेलो होतो तेव्हा. समुद्राकडच्या ओट्यावर बसून संत्री खात होतो. तिनं साली मांडल्या. म्हणाली, ही जी कक्षा आपण काढतो ना, ती खरी वाट नव्हेच. या क्षणी बाकीचे सगळे ग्रह नाहीसे झाले, तर हा एकटा ज्या वाटेनं कायम फिरत राहील, ती ही कक्षा. खरा ग्रह तिला नुसता टेकून जातो, की पुढच्या क्षणी कक्षा दुसरी. मी म्हटलं, मग बाकीचे नाहीसे करून टाका की एकदाचे! तर म्हणाली, नाहीसे होत नाहीत ना, तोच तर सगळा घोळ आहे." तो थांबला. "मला वाटलं, हिला मी दुसरं काही विचारलं असतं तरी तिनं हेच उत्तर दिलं असतं. तेव्हा मला ती फार आवडली."

चिझुरूला तो ओटा आठवत होता, संत्रीही आठवत होती. हे आपण बोललो होतो हे मात्र आठवत नव्हतं. हे तिच्याकडे नव्हतं, त्याच्याकडे होतं. बाकी सगळं गळून गेल्यावर हे त्याच्याकडे उरलं होतं.

"फार काम करते का ती?" तिनं विचारलं. आपला आवाज आपणच एका पट्टीनं वर नेतो आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो खाली आणला.

"फार. आमची मुलगी गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात ही कामावर." त्यानं हे सहज सांगितलं, जसं कुणी पावसाबद्दल सांगतं. "लोक वाट्टेल ते बोलले. मलाही वाटलं, काय बाई आहे ही. मग एक दिवस बर्फ पडायला लागलं. ही मफलर न घेता गेलेली. मी वाटेत एक नवा मफलर घेतला, लोकरीचा, गडद हिरवा, आणि गेलो तिथे. त्या आवारात नुसती झाडं. चुकलो दोनदा. मग एका खिडकीतून दिसली. यंत्राशी उभी होती, कागद नुसता बाहेर येत होता, लांबच्या लांब, जमिनीवर साठत होता. आणि ती दोन्ही हात असे छातीवर धरून," त्यानं दोन्ही तळवे आपल्या चुकलेल्या बटणांवर ठेवले, "असे घट्ट धरून उभी होती. अंगरखा पुढून भिजला होता. दूध हो. बाळ नाही, पण ते कुठे कळतं त्याला? आणि ती ते आकडे मोठ्यानं वाचत होती. ऐकू येत नव्हतं, ओठ हलताना दिसत होते. रडत होती आणि वाचत होती."

पुढची बाई आता वळत नव्हती. तेल कढईत चुरचुरत होतं.

"मग तुम्ही आत गेलात?" चिझुरूनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"कसा जाणार? रडायला तिला तेवढी एकच जागा उरली होती. तीही मी हिसकावून घेऊ? मफलर दाराच्या कडीला अडकवला आणि परत आलो."

गडद हिरवा मफलर. त्या संध्याकाळी दार उघडताना तो तिच्या हाताला लागला होता. नवा, मऊ, कुणीतरी विसरलेला. तिनं तो बर्फ झटकून, नीट घडी घालून, फाटकावरच्या रखवालदाराकडे दिला होता. कुणाचा तरी असेल, विचारायला येईल. आणि उघड्या गळ्यानं घरी गेली होती. शूगोनं दार उघडलं, तिच्या गळ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता बाजूला झाला. ते पाहणं तिला आठवत होतं. इतकी वर्षं त्या पाहण्याचा तिनं एकच अर्थ धरला होता, की तो आपल्याला दोष देतोय.

"ती तो घालून आली नाही," शूगो म्हणाला. "मीही विचारलं नाही. म्हटलं, नको असेल तिला."

"तिला कळलं नसेल, तुमचा आहे ते."

"असं म्हणता?" त्यानं खरोखरच विचार केला. कपाळावर तीच जुनी उभी आठी आली. "असेलही. विचारायला हवं होतं. आज विचारतो. आज वडे गरम आहेत, जरा खुशीत असेल."

दुकानदाराची हाक आली. चिझुरूनं काय घेतलं, पैसे कसे दिले, तिला कळलं नाही. ती बाजूला होऊन उभी राहिली. शूगोनं आपली कागदी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, त्यातला एक वडा कागदात गुंडाळून तिच्यापुढे धरला. "हा घ्या. माझी बडबड ऐकलीत. गरम खा हं, गार झाले की यांत काही राम नाही." आणि तो निघाला, हळूहळू, पिशवी छातीशी धरून, बाजाराच्या टोकाकडे, स्टेशनच्या बाजूला.

"वहिनी."

चहाच्या दुकानाच्या कडेला योरिको उभी होती, शूगोची धाकटी बहीण. वाळून गेली होती. पण डोळे तेच, चटकन भरणारे आणि चटकन चिडणारे.

"मी समोरूनच बघत होते. तुम्ही दिसलात, म्हटलं मध्ये नको पडायला." तिची नजर शूगोच्या पाठीवर होती. "रविवारी सोडते त्याला एकट्याला, मागून चालते. नाहीतर दिवसभर दार वाजवतो, बायको यायची वेळ झाली म्हणून."

"कधीपासून हे?"

"दोन वर्षं होतील आता. आधी किल्ल्या, मग रस्ते. मग एक दिवस मला म्हणाला, आपण कोण?"

"मला कुणी सांगितलं नाही, योरिको."

"तुम्हाला?" योरिको हसली. "आकाशातलं पुढच्या लाख वर्षांचं कळतं तुम्हाला. माझा फोन नंबर तर तोच आहे वहिनी, बदललेला नाही." मग तिला वाईट वाटलं असावं. तिनं चिझुरूच्या बाहीला हात लावला. "जाऊ दे. दादानंच बजावलं होतं, भानावर होता तोवर. तिला कळवू नकोस, ती कामात असेल."

"आता कुठे चाललाय तो?"

"स्टेशनवर. उत्तरेच्या दाराशी उभा राहतो. काळोख पडायच्या आत मी घरी नेते."

"कुणाची वाट बघतो?"

योरिकोनं तिच्याकडे असं पाहिलं की चिझुरूला उत्तराची गरज उरली नाही. "बायको येत नाही म्हणून रडतो का रोज?" चिझुरूनं हळूच विचारलं. "नाही," योरिको म्हणाली. "म्हणतो, काम लांबलं असेल. बस एवढंच. ते रडण्यापेक्षा वाईट."

चिझुरू मग पळालीच म्हणायची. गुडघा दुखत असताना, हातातला वडा अंगठ्याला भाजत असताना, मागच्या गल्लीनं, सायकली चुकवत. तिला काय करायचं होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यात काही अर्थ आहे की नाही, हेही तिनं तपासलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काहीतरी न तपासता केलं. ती दक्षिणेच्या दारानं स्टेशनात शिरली, तिकीट घेतलं, फाटकातून आत गेली, जिना चढून फलाटावर उभी राहिली. काचेत तिनं स्वतःला पाहिलं. केस मागे सारले. कोटाची कॉलर नीट केली. कामावरून येणारी बाई कशी दिसते? थकलेली दिसते, ते जमण्यासारखं होतं. गाडी आली, माणसं उतरली, आणि त्यांच्यात मिसळून ती जिना उतरली आणि उत्तरेच्या फाटकातून बाहेर आली.

तो खांबाशी उभा होता. येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे तो बघत होता, एकेक चेहरा नीट बघून बाजूला ठेवत होता. त्याची नजर तिच्यावर आली. थांबली. ती समोर जाऊन उभी राहिली. त्याच्या कपाळावर ती उभी आठी आली, ओठ उघडले, आणि सगळा चेहरा उजळला.

"अरे, तुम्ही!" तो म्हणाला. "मघाच्या रांगेतल्या ना? खाल्लात की नाही?" आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून पुन्हा मागच्या गर्दीत गेली, तिशीतली, गळा उघडा टाकून येणारी कुणी बाई शोधत.

चिझुरू तशीच उभी राहिली. पुढची गाडी आल्याचा आवाज झाला. पलीकडे, फुलवाल्याच्या दुकानापाशी, योरिको पाठ फिरवून उभी होती.

"तुम्हीही कुणाला घ्यायला आलात का?" शूगोनं विचारलं.

"हो."

"कुणाला?"

"नवऱ्याला," ती म्हणाली.

"येतील हो. काम लांबलं असेल." तो जरासा सरकला आणि खांबाजवळ त्यानं तिच्यासाठी जागा केली. "इकडे या, असे. तिथून कुणी दिसायचं नाही. इथून सगळे दिसतात."

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. खरंच, तिथून सगळे दिसत होते.